पिवळ्या टॅगवरची तारीख

हरेश, तू मला एक गोष्ट तुझ्या बायकोला, मनीषाला, सांगू नकोस म्हणाला होतास. गाडीत, माझ्या मांडीवर डोकं होतं तुझं, ओठ पांढरे पडले होते, आणि तशात तू ते म्हणालास. मी मान हलवली. काल तुझं दहावं झालं आणि कालच मी ती गोष्ट सांगून टाकली. रागवायचं असेल तर रागव, पण आधी सगळं ऐक. जन्मभर माझं बोलणं अर्ध्यात तोडत आलास. आता ते तुला जमायचं नाही.

तुझ्या फ्रिजच्या हँडलला तो पिवळा टॅग दहा दिवस तसाच लटकत होता. फ्रिज उघडला की हलायचा. घरात माणसं भरलेली, कोणीतरी सारखं दूध काढत होतं नाहीतर पाण्याची बाटली ठेवत होतं, आणि प्रत्येक वेळी मी तिकडे पाहत होते. तो टॅग तू कंपनीतून आणला होतास. तळोज्याला तुमच्या प्लँटमध्ये कुठल्याही पाइपला तात्पुरती दुरुस्ती केली की त्यावर असा टॅग लावायचा, हा तुमचा नियम. काय बसवलं, कधी बसवलं, कधी काढायचं. काढायची तारीख बदलायची झाली तर जो बदलेल त्याने शेजारी सही करायची. सगळ्यात खाली एक ओळ, काढल्याची तारीख. चोवीस वर्षं फिटर म्हणून तू हेच केलंस. एकदा कोणा इंजिनिअरने सही न करता तारीख पुढे ढकलली म्हणून तू त्याच्या केबिनमध्ये जाऊन भांडला होतास, हे मला तूच दहा वेळा सांगितलं आहेस.

स्वतःच्या पोटात नळी बसवून घरी आलास आणि दुसऱ्या दिवशी टॅग लावलास. मी हसले तर म्हणालास, "टेंपरवारी माल हाय ना ताय, मंग टॅग पायजेल."

पण त्याच्या आधीचं एक राहिलं आहे. ते आधी बोलून घेते, कारण त्यावरून तू मला शेवटपर्यंत सोडलं नाहीस.

पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा तू जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होतास. कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, आणि विचारलं, दारू घेता का? तू नाही म्हणालास. मी मध्येच म्हणाले, "हरेश, डॉक्टरांशी खोटं बोलू नये." शाळेच्या मराठीत म्हणाले. रागात असले की मी तीच भाषा बोलते, असं तूच म्हणायचास. मनीषा बाजूला उभी होती. तू दुखण्याने पिळवटला होतास, तरी मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. आपल्या बापाचं पिणं आपण दोघांनी एकाच घरात बघितलं होतं. गावातली एकेक हळद, तिथली दारू आठवून मी मनात तुझे पेले मोजत बसले होते. संध्याकाळी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे निघाले. त्यातलाच एक खाली सरकून स्वादुपिंडाच्या वाटेवर अडकला होता. दारूचा काही संबंध नव्हता. तू थेंबसुद्धा घेत नव्हतास, आणि ते मनीषाला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं.

मी माफी मागितली नाही. मोठी बहीण आणि वर मास्तरीण, कशी मागणार? नंतर मी भेटायला आले की तू तोंड पुढे करायचास. "वास बघ ताय. मंग बस." नर्सही हसायच्या. मीही हसायचे आणि डबा उघडायला लागायचे.

आयसीयूमधले ते दिवस मी पुन्हा आठवत नाही. तू वाचलास, एवढं पुरे. पण वाचल्यावर पोट फुगत गेलं. दोन घास खाल्ले की उलटी, आणि रोज ताप. स्वादुपिंडाचा एक भाग मेला होता. त्याच्याभोवती पाणी आणि सडका गाळ साठून नारळाएवढी पिशवी झाली होती आणि ती जठराला दाबत होती. आम्हाला वाटलं आता ऑपरेशन करतील. पोटाच्या विकारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या म्हणाल्या, आत्ता हात लावायचा नाही, पिशवीची भिंत जाड होऊ दे, मग. किती दिवस? चार-पाच आठवडे. तू मला म्हणालास, "मुरत ठेवलंय मना. लोनच्यासारखं." त्या थांबण्याने आपण सगळे हैराण झालो होतो. रोज मी शाळा सुटली की शिरवण्याला तुझ्याकडे यायचे आणि तुझ्या कपाळाला हात लावायचे.

मग त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि पोट न कापता, जठराच्या भिंतीतून आरपार त्या पिशवीत धातूच्या जाळीची एक छोटी नळी बसवली. दोन्ही तोंडांना पसरट, मध्ये अरुंद, डमरूसारखी. सगळी घाण त्यातून जठरात उतरायला लागली. त्याच वाटेने आत जाऊन त्यांनी दोनदा मेलेला भाग काढला. तिसऱ्या दिवशी ताप गेला. तू पेज मागितलीस, आणि वाटी संपवून मनीषाला म्हणालास, आता सुक्या बोंबलाचा वास तरी दाखव. मनीषा पदराने डोळे पुसत हसत होती. त्या दिवशी मी त्या डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला निघाले होते. त्या माझ्या लेकीपेक्षा, स्नेहलपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. घाबरून मागे सरल्या.

त्याच दिवशी त्यांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. नळी चार आठवड्यांत काढायची. पिशवी आकसत जाते, नळी मात्र आकसत नाही. मग तिची कडा आतल्या रक्तवाहिनीवर घासते आणि रक्तस्राव होऊ शकतो. बरं वाटतंय म्हणून लांबवू नका. मी वहीत लिहून घेतलं. माझ्या अक्षरात आहे ते, अधोरेखित.

काढायची तारीख गुरुवारची आली. आणि स्नेहलची हळद शनिवारची.

तुम्हाला मूल झालं नाही. माझी स्नेहल तुझ्याच खांद्यावर बसून मोठी झाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तू आजारीही नव्हतास, हॉल तूच बघितला होतास. तू मला फोन करून म्हणालास, "गुरुवारी काढतो, शुकरवारी रात पडायच्या आत घरी. शनवारी हळदीला उभा."

मी म्हणाले, आणि शुक्रवारी सकाळी उंबर कोण आणणार?

आपल्याकडे मांडवाला उंबराची फांदी मामाने आणायची असते. ती मांडवात बांधल्याशिवाय हळद लागत नाही. धवलारीण मांडवात बसून लग्नाची गाणी, धवले, गाते, एकेका नातेवाईकाचं नाव गुंफत जाते, आणि फांदी आली की मामाचं नाव घेते. तू म्हणालास, अनंता आणील. अनंता म्हणजे मनीषाचा भाऊ. मी म्हणाले, "अनंता काय सख्खा मामा हाय का? आनि शुकरवारी तुला नाय सोडला तं? हळदीला मामाच नाय, असं माझ्या पोरीचं करतोस?"

या वेळी मी शाळेच्या भाषेत बोलले नाही. आपल्या भाषेत बोलले, मऊ आवाजात. मला माहीत होतं की तू त्याला नाही म्हणू शकत नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले तेव्हा तू हॉस्पिटलला फोन लावलास. मी समोर बसले होते, तू स्पीकर चालू ठेवला होतास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लांबवू नका, प्लीज. हवं तर बुधवारी काढते, गुरुवारी सोडते." तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. नको म्हणून. पोटात दुर्बीण घालून, भूल घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी फांदी काय आणणार, असं माझं गणित. त्यांनी संध्याकाळी स्वतःहून पुन्हा फोन केला. पुन्हा तू सांगितलंस, घरात कार्य आहे. शेवटी त्यांनी पुढच्या आठवड्यातला शुक्रवार दिला आणि म्हणाल्या, याच्या पुढे एक दिवसही नाही. उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला काळं झालं तर त्याच मिनिटाला या.

फोन ठेवून तू मला स्वयंपाकघरात नेलंस आणि पेन हातात दिलंस. म्हणालास, "तारीख तूच बदल. तुझं अक्षर चांगलं हाय." मी गुरुवारची तारीख खोडली, वर नवी लिहिली. "सही कर." मी म्हणाले, चल, काहीतरीच. "सहीशिवाय तारीख चालत नाय ताय." दारात टेलर लग्नाची ब्लाउजं घेऊन माझ्यासाठी थांबला होता. मी हसत बाहेर गेले.

मनीषाला तू सांगितलंस की हॉस्पिटलनेच तारीख पुढे दिली. मला ते लग्नात कळलं, तिच्या तोंडून. मी ते तसंच राहू दिलं.

गावातला उंबर रस्ता रुंद करताना गेला. तू अनंताला घेऊन तळोज्याच्याही पुढे गेलास आणि डोंगराच्या पायथ्याची चांगली दंडाएवढी जाड फांदी घेऊन आलास. गाडीतून मांडवापर्यंत खांद्यावर तूच आणलीस, अनंताला हात लावू दिला नाहीस. मी ओरडले, वजन उचलू नको. तू म्हणालास, सख्खा मामा हाय. धवलारणीने तुझं नाव घेतलं तेव्हा तू खाली बघत होतास, आणि तुझे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी हळदीत अंगाला शर्ट सैल होत होता, चेहरा हळदीने भरलेला. मी खूप सुखात होते, हरेश. हे सांगितलं नाही तर ते खोटं होईल. त्या दिवशी मला काही खुपत नव्हतं.

लग्न पार पडल्यावर बुधवारी सकाळी तू माझ्याकडे मांडवाच्या लायटिंगच्या माळा सोडवायला आलास. शिडीवर चढू नको म्हणाले तर खाली उभा राहून वायर गुंडाळत होतास. मी चहा ठेवला. तू बाथरूमकडे गेलास आणि उंबरठ्यावर बसलास. "ताय, चक्कर येते." मग बेसिनमध्ये रक्त. इतकं, की मला आधी ते रक्त वाटलंच नाही. शुक्रवारला दोन दिवस होते.

पामबीचच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तू म्हणालास, "तारखेचं मनीषाला सांगू नको. ती तुला जन्मभर सोडनार नाय." मी मान हलवली. तुझा हात बर्फासारखा होता आणि तू माझी काळजी करत होतास.

त्यांनी खूप केलं. मांडीतल्या शिरेतून तार घालून ती फुटलेली रक्तवाहिनी बंद करायला घेतली, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लावल्या. दुपारी त्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच आम्ही वाचलं. नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, वेळेवर काढली असती तर? त्यांनी मला बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, तसं झालं असतं तर काहीच झालं नसतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण धोका वाढला होता, हे खरं. "मी तुम्हाला सांगितलं होतं" एवढं त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत.

अस्थी गोळा करायला आमचे हे गेले होते. येताना रुमालात काहीतरी बांधून आणलं. राखेत सापडलं म्हणाले, काय असेल? काळी पडलेली, थोडी वाकलेली जाळी, अंगठ्याच्या पेराएवढी. मी म्हणाले, माहीत नाही. आणि ती माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

पाचव्या दिवशी मनीषा पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "त्यांनी तारीख पुढं ढकलली आनि माझा मानूस खाल्ला." अनंताने ते उचललं. नवव्या दिवशी ओट्यावर पंधरा-वीस जण बसले आणि ठरलं. दहावं उरकलं की गाड्या काढायच्या आणि थेट हॉस्पिटल. "ती बाय केबिनमंदी कशी बसते तेच बघू," अनंता म्हणाला. आणखी कोणीतरी काचा फोडायचं बोललं. मी आत भाजी निवडत होते. खरं सांगू का, एक क्षण मला बरं वाटलं. दोष ठेवायला दुसरं कोणीतरी मिळालं होतं. मग मी पाया पडायला निघाले तेव्हा त्या बाई घाबरून मागे सरल्या होत्या ते आठवलं, आणि मी मेथी तशीच ठेवून उठले.

मी मनाशी ठरवलं की दहाव्याला बोलायचं. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला की माणसं एकेक आश्वासन देत जातात, पोरांना बघू, घर सांभाळू. तसं सगळे थांबले की मी पुढे होऊन सगळ्यांसमोर सांगेन. खाडीकाठी पिंड ठेवले, आम्ही चार पावलं मागे सरलो, आणि कावळा आला. मिनिटभरही लागलं नाही. लोक म्हणाले, किती शांत गेला, काही इच्छा राहिली नाही. तिथेही तू मला बोलू दिलं नाहीस.

घरी आलो. बाहेर अनंता गाड्या वळवून घेत होता. मनीषा चहासाठी दूध काढायला फ्रिजकडे गेली. टॅग हलला.

मी म्हणाले, "मनीषा, ही तारीख हॉस्पिटलनी नाय दिली. मी दिली."

ती दुधाचं पातेलं हातात धरून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. उंबर, स्पीकरवरचा फोन, बुधवारी काढते म्हणाल्या ते, संध्याकाळचा दुसरा फोन. "त्या बाईनं दोनदा इनवन्या केल्या. मीच नको बोलले. हरेश तयार होता जायला." गाडीतलं तुझं बोलणंही सांगितलं. बाहेर हॉर्न वाजला. मला वाटलं ती पातेलं फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. टॅगची तार हँडलवरून उलगडली, टॅग हातात घेतला आणि खोडलेल्या तारखेवर बोट ठेवलं.

"मंग सही कुठंय?"

तिलाही तू तो नियम शिकवला होतास. मला माहीत नव्हतं.

"राहिली," मी म्हणाले.

"मंग कर."

खुंटीला तुझा कंपनीचा शर्ट होता, तिने त्याच्या खिशातलं पेन काढून दिलं. ओट्यावर टॅग ठेवून मी सही केली, पूर्ण नाव. मग सगळ्यात खालच्या ओळीवर तिचं बोट गेलं. काढल्याची तारीख. ती रिकामी होती. मी पर्स उघडली आणि ती जाळी तिच्या तळहातावर ठेवली. काय आहे ते तिला सांगावं लागलं नाही. तिने उजेडात धरून पाहिली.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

अस्थी गोळा केल्या त्या दिवसाची तारीख मी त्या ओळीत लिहिली. ती टॅग घेऊन बाहेर गेली. अनंता गाडीत बसला होता, तिने टॅग त्याच्या हातात दिला. "आदी वाच. मंग कोनाला जाब इचारायचा ते बघ." त्याने वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, तसं आजवर कोणी पाहिलेलं नाही. मग गाडी बंद केली. हळूहळू सगळे उतरले.

मनीषा मला म्हणाली, "ताय, तू आता जा. मना तुझं तोंड बघवत नाय." मी चपला घातल्या. गेटपाशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "तेराव्याला ये."

ती मला जन्मभर सोडणार नाही, तुझं बरोबर होतं. मी जाईन तेराव्याला, आणि त्याच्या पुढेही जात राहीन, तिने तोंड फिरवलं तरी. स्नेहलला अजून सांगितलेलं नाही. मी सांगेन, पण तिच्या हळदीचं नाव न घेता, माझं घेऊन.

हरेश, तू दारू पीत नव्हतास. चुकलं माझं. हे तू ऐकू शकत होतास तेव्हा म्हणायचं होतं. जाळी मनीषाने ठेवून घेतली. आमचे हे आज तिकडे जाऊन आले, सांगत होते, टॅग तिने परत फ्रिजला लावला आहे, तारेचं दुसरं टोकही आवळून, म्हणजे आता फ्रिज उघडला तरी तो हलत नाही.